ॲज पर मेस्त्री

माझ्या हातची तिळाची वडी कधीच धड होत नाही. एक तर ती ताटाला चिकटून बसते, नाही तर इतकी कडक होते की नवरा विचारतो, "हातोडी कुठे ठेवलीस?" चेन्नईत आल्यावर मी त्याचं खापर इथल्या दमट हवेवर फोडायला लागले. पण एका संक्रांतीला त्या वडीनं जे केलं, त्याचं खापर फोडायला मला माझ्याशिवाय कुणी सापडलं नाही.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. नवऱ्याची बँकेतली बदली म्हणून आम्ही मिरजेहून इथे आलो. मी मेकॅनिकल इंजिनिअर. माझ्या बरोबरीचे सगळे सॉफ्टवेअरकडे पळत होते, पुढे त्यांतले निम्मे सिरुसेरीच्या आयटी पार्कातल्या गार, काचेच्या इमारतींत जाऊन बसले. मी मात्र अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत, भिंगं बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात चिकटले. माझं काम काय, हे सासरच्या मंडळींना शेवटपर्यंत कळलं नाही. "चष्म्याच्या दुकानात आहे," असं सासूबाई सांगायच्या आणि मी दुरुस्त करायचं सोडून दिलं होतं.

मी पॉलिशिंगची टूल्स डिझाइन करायची. भिंगाचा पृष्ठभाग फुगीर असेल तर त्याच वळणाची, पण खोलगट, अशी लोखंडाची जाड वाटी करायची. ही वाटी म्हणजे टूल. वाटीच्या आतून पिचचा थर. पिच म्हणजे झाडाच्या राळेपासून केलेलं काळं, डांबरासारखं द्रव्य. ते वितळवून ओतायचं, गार होताना भिंगावर दाबून त्याचं वळण घ्यायचं, मग त्यात चर कापायचे आणि गुलाबी पूड पाण्यात कालवून यंत्रावर तासन्‌तास काचेवर फिरवायचं. पिच काचेला आकार देतं आणि काच पिचला. एकाचं बिघडलं की ते दुसऱ्याचंही बिघडवतं, थोडक्यात संसारच. केसाच्या जाडीचा शंभरावा भाग म्हणजे आमच्याकडे खड्डा समजला जाई.

पॉलिशिंगच्या खोलीचे कर्तेधर्ते होते मेस्त्री. साठी उलटलेले, तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज तिकडे कधी गेले हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आमचीच भाषा बोलतां कीं." ती भाषा तमिळच्या चालीवर चालायची आणि मला हसू यायचं. मी बोलले की त्यांनाही हसू यायचं. निम्मी हिंदी भरलीय तुमच्या मराठीत, असं त्यांचं म्हणणं. इतर सगळे त्यांना मेस्त्री म्हणत, मी काका म्हणायची.

पिच फार कडक झालं तर काचेवर केसासारखे ओरखडे उठतात. फार मऊ झालं तर काचेची कड जास्त घासली जाऊन खाली झुकते. आम्ही म्हणायचो, काठ पडला. काठ पडलेलं भिंग म्हणजे भंगार. बरोबर पिच कसं ओळखायचं? मेस्त्री वितळलेल्या पिचचा थेंब पाण्याच्या पेल्यात टाकत, पाच मिनिटं थांबत आणि तो तुकडा सरळ दाढेखाली धरत. कट्‌कन तुटला तर कडक, त्यात तेलाचे थेंब घालायचे. दाताला चिकटला तर मऊ, अजून आटवायचं. आधी जरासा दबला आणि मग तुटला की म्हणत, "सरि." सरि म्हणजे ठीक. आई चिक्कीचा पाक असाच बघायची, त्यामुळे मला खरं तर नवल वाटायला नको होतं.

पण मी नवी होते आणि पदवीचा ताठा होता. कारखान्यात तोंडात पिच घालतात, हे मला बघवेना. मी एक मापक करून घेतलं: वजन लावलेली सुई, ती पिचमध्ये किती वेळात किती रुतते ते मोजायचं. त्या मापकानं एकाच गोळ्याच्या तीन कोपऱ्यांत तीन उत्तरं दिली. सहा महिने मी त्याच्याशी झटापट केली आणि मग ते कपाटात टाकलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर सगळी मापं दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत असायची आणि पिचच्या कडकपणापुढे मी इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहायची: ॲज पर मेस्त्री. मेस्त्री म्हणतील तसं.

एका पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे इथल्या ऑक्टोबरात, नवं काम आलं. डोळे तपासायच्या यंत्रासाठी तळहाताएवढं, चांगलंच फुगीर भिंग. असं आम्ही आधी केलेलं नव्हतं. मालकांनी आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं, "जानेवारी संपायच्या आत बारा नमुने पास झाले तर ठीक. नाही तर यापुढे पॉलिश केलेली भिंगं बाहेरून आणायची आणि इथे फक्त जोडणी करायची. ही खोली बंद." मालक नुसत्या धमक्या देणाऱ्यांतले नव्हते.

त्याच सुमाराला मेस्त्रींनी रजा मागितली. तंजावरला पुतणीचं लग्न आहे म्हणाले. दहा दिवसांची रजा मी कुरकुरत दिली. परत आले ते खांद्यावरचा टॉवेल नाकातोंडाला बांधूनच. पिचचा धूर सोसत नाही आता, म्हणाले. मला इतकं बरं वाटलं. सुरक्षेचं महत्त्व या माणसाला उशिरा का होईना कळलं म्हणून मी मालकांच्या मागे लागून सगळ्यांसाठी मास्क आणवले. लग्नाचे लाडू कुठे आहेत, हे मात्र मला विचारायचं सुचलं नाही.

पहिलं टूल मी जीव ओतून केलं होतं. टूलचं प्रत्येक कडं काचेवर किती वेळ घासलं जाईल याचा कॉम्प्युटरवर तक्ता मांडला, चरांची आखणी त्यावरून केली. भिंग यंत्रावरून उतरलं. आम्ही त्यावर अचूक वळणाची तपासणीची काच ठेवून पिवळ्या दिव्याखाली धरलं. काठ बरोबर असेल तर त्या उजेडात दिसणारी वर्तुळं कडेपर्यंत सारख्या अंतरानं जातात. आमची वर्तुळं कडेला येऊन एकमेकांवर चढली होती. काठ पडला होता.

ठीक आहे, पहिलंच आहे, असं मी म्हटलं. दुसरं टूल थोडं लहान केलं, म्हणजे कडेवर कमी फिरेल. ओरखडे. तिसऱ्याला कडेचं पिच पाकळ्यांसारखं कापलं. काठ पडला, आणि आधीपेक्षा वाईट. चौथ्याला पाकळ्या उलट्या केल्या, पुन्हा ओरखडे. प्रत्येक वेळी लेथवाल्याकडून नवी वाटी कातून घ्यायची, पिच ओतायचं, दाबत ठेवायचं, यंत्र चालवायचं. एक टूल म्हणजे आठ-दहा दिवस. माझ्या तक्त्याप्रमाणे काठ हळूहळू वर यायला हवा होता. तो येत होता, पडत होता, वाटेल तसं करत होता.

मी घरी पिसाळल्यासारखी वागायची. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. नवरा एकदा म्हणाला, "अगं, काचच आहे ना ती?" त्यानंतर दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. लेथवाल्याला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो तमिळमध्ये उलट जे बोलला ते मला समजलं नाही, यातच आमचं भलं होतं.

मेस्त्री या काळात गप्प झाले होते. एरवी दुपारच्या डब्यात ते मुरुक्कू, म्हणजे इथली चकली, आणायचे, मला अर्धं मोडून द्यायचे. आता मुरुक्कू कॉफीत बुडवून, पाठ करून खायचे. बोलताना तोंडावर हात धरायचे आणि शब्दांत हवा फुसफुसायची. मास्कची सवय लागलीय, असं मी समजले. पिच बघायलाही ते कोपऱ्यात जात, तिथूनच "सरि" म्हणत. मी त्यांच्यावरही दोनदा ओरडले होते, त्याचा राग धरलाय अशीही माझी समजूत होती. माणसाच्या वागण्याची सात कारणं मी स्वतःशी लावली आणि सातही चुकली.

सातवं टूल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उतरलं. काठ पडला. मी भिंग दिव्याखाली धरून उभी होते. सगळ्यांसमोर मी मेस्त्रींना म्हणाले, "काका, तुम्ही मुद्दाम करताय का हे? खोली बंद झाली तर तुमचं काय जाणार आहे? तुमची नोकरी होऊन गेलीय. माझी नाही." ते पूड कालवायची बादली उचलून धुवायला गेले.

घरी गेल्यावर मला माझीच लाज वाटली. वर्षावर्षाच्या मुदतीवर त्यांना ठेवत होते, दर पोंगलनंतर मालक एका कागदावर सही करत, तेवढ्यावर त्यांचं घर चाललं होतं, हे मला माहीत होतं. पण तोंडातून निघून गेलं होतं. तोंडानं माफी मागायची माझी जातकुळी नाही. म्हणून आठवड्यानं आलेल्या संक्रांतीला मी तिळाच्या वड्या केल्या. पाक अर्थातच पुढे गेला.

इथे पोंगलची सुट्टी दुसऱ्या दिवसापासून होती. मी डबा घेऊन खोलीभर फिरले. पोरी-बाप्ये सगळे वडी चावताना तोंडं वाकडी करून "कल्लु, कल्लु" म्हणून हसत होते. कल्लु म्हणजे दगड. मेस्त्रींनी दोन्ही हातांनी वडी घेतली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"काका, खा की."

"घरीं खातों, बाई."

"राग असेल तर तोंडावर सांगा. पण सणाचं दिलेलं असं खिशात टाकू नका."

"राग नाहीं, बाई. घरीं खातों."

"नाही. माझ्यासमोर खा."

हे मी म्हणाले. आजही ते वाक्य आठवलं की मला कुठे तोंड लपवू असं होतं. खोलीत सगळे बघत होते. त्यांनी वडी काढली, मान वळवली आणि दाताखाली धरली. काहीतरी मोडल्याचा बारीक आवाज झाला. त्यांनी तोंडावर हात धरला आणि सरळ मागच्या नळाकडे गेले. मला तेव्हाही ते नाटकच वाटलं, म्हणून मी मागे गेले. त्यांच्या तळहातावर माझी वडी होती आणि तिच्यात रुतलेली वरची कवळी. मधोमध तडा गेलेली.

त्यांचं तोंड आत गेलं होतं. एकदम दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते. मी विचारलं, "कधी?"

"दिवाळीपूर्वीं. साखरेचा रोग, सगळे दात हलत होते. इथेंच टी. नगरांत डॉक्टर आहे, तो काढला."

"आणि पुतणीचं लग्न?"

"लग्न कुणाचें, बाई?"

मग माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. "आणि पिच? पिच कशानं बघत होता?"

त्यांनी अंगठा पुढे केला. नखानं. कवळीच्या दातांना काही कळत नाही, कडक काय आणि मऊ काय, सगळं एकच. म्हणून नख रुतवून अंदाज घ्यायचे आणि "सरि" म्हणायचे.

मी भडकले. मला दया यायला हवी होती, पण आधी रागच आला. "तीन महिने! तीन महिने मी वेड्यासारखी टूल्स कापतेय, माझ्या हिशेबात चूक शोधतेय. एक शब्द बोलायचा होता, काका."

ते नळाकडे बघत म्हणाले, "तुम्ही रोज टूल बदलत होतां. मज वाटलें, तुमचें टूल कधी तरी नीट होईल, मग माझें चुकलेलें कुणास दिसणार नाहीं." मग म्हणाले, "दात नाहीं म्हटलों तर मालक सही करतील काय?"

मी सात टूल्समध्ये व्यास बदलला, चर बदलले, पाकळ्या बदलल्या, पिचची जाडी बदलली. बदलली नव्हती ती फक्त एक ओळ, कारण त्या ओळीत माप नव्हतं, माणूस होता.

सुट्टीनंतर पंधरा दिवसही उरले नव्हते. मेस्त्रींनी पिच वितळवलं, पेल्यात थेंब टाकला आणि तुकडा माझ्यापुढे धरला. "तुमचे दात बरे आहेत," एवढंच म्हणाले. मी तो दाढेखाली धरला. कडू, टर्पेंटाइनसारखी चव डोक्यात गेली.

"कसें आहे?"

"कडक."

"कडक म्हणजे किती?"

"कडक म्हणजे कडक, काका. किती काय किती?"

"आधी दबतें कीं एकदम तुटतें?"

मला काहीच सांगता येईना. चाळीस वर्षं जे त्यांच्या जबड्यात होतं ते त्यांना शब्दांत देता येत नव्हतं आणि माझ्या जबड्यात जे होत होतं ते मला. दोन दिवस आम्ही एकमेकांवर चिडत तुकडे चावण्यात घालवले. म्हणजे मी चावण्यात. ते मोडकी कवळी खिशात घालून, बोळक्या तोंडानं मला प्रश्न विचारण्यात.

तिसऱ्या दिवशी भिंतीकडे लक्ष गेलं. तिथे जुनी टूल्स खिळ्यांना टांगलेली असत. त्यांतलं एक, जमीन मोजायच्या दुर्बिणीच्या भिंगाचं, मेस्त्रींनी दात होते तेव्हा केलेलं. त्यानं कधी काठ पाडला नव्हता. मी त्याच्या कडेचं पिच चाकूनं उडवलं, पाण्यात ठेवलं आणि चावलं. जरासं दबलं, मग तुटलं. मग नवं चावलं. ते दबलंच नाही. तेलाचा एक थेंब. पुन्हा जुनं, पुन्हा नवं. संध्याकाळपर्यंत माझा जबडा ठणकत होता, पण दोन्ही तुकडे दाताखाली सारखे लागत होते.

ते पिच मी कुठल्या टूलमध्ये ओतलं? पहिल्या. आधी वाटलं, आठवं करावं, पण वेळ नव्हता. म्हणून पहिलंच साफ करून घेतलं. भिंग उतरलं, दिव्याखाली धरलं, वर्तुळं कडेपर्यंत सारखी. माझं पहिलं डिझाइन पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी कोपऱ्यात रचलेल्या बाकीच्या सहा वाट्यांकडे बघत बसले आणि मला रडू आलं.

बारा नमुने मुदतीत पास झाले. मालक खूश होऊन म्हणाले, "बघा, सात वेळा केलं म्हणून डिझाइन सुधारलं." मी नमुन्यांच्या खोक्यांवर लेबलं लावत राहिले. मग ते म्हणाले, "एक करा. मेस्त्रींचं वय झालं. ते पिच कसं बघतात ते नीट लिहून काढा, म्हणजे आपण त्यांच्यावर अवलंबून राहणार नाही."

मी ड्रॉइंग समोर घेऊन बसले. लिहायला दोन ओळी पुरे होत्या: जुन्या पिचचा तुकडा ठेवा, नवा त्याच्याशी जुळवा. ज्याला दात आहेत त्या कुणालाही जमलं असतं. सगळं कागदावर हवं म्हणून मी पहिल्यापासून भांडत आले होते आणि आता कागद समोर होता, पेन हातात होतं. मेस्त्रींच्या मुदतीच्या कागदावर अजून सही व्हायची होती. मी मालकांना म्हणाले, "सर, ते लिहिण्यासारखं नाही. हातातलंच कसब आहे." त्यांनी सही केली.

मेस्त्रींनी आभार मानले नाहीत. मीही वाट पाहिली नाही. पुढची दोन वर्षं ते पिच ओतायचे, तुकडा कागदात बांधून कपाटामागे ठेवायचे, मी तिथे जाऊन चावायची आणि मान डोलावली की ते मोठ्यानं "सरि" म्हणायचे. खोलीतल्या सगळ्यांना हे माहीत असणार. कुणी कधी काही बोललं नाही. मला मात्र दर वेळी त्या कपाटामागे उभं राहताना चीड यायची, त्यांची, मालकांची आणि माझी. मग गुडघे गेले तेव्हा ते तंजावरला लेकीकडे निघून गेले. निघताना जुन्या पिचचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुमचे दात सांभाळा, बाई."

ते गेल्यावर पिचचा निवाडा माझ्यावर आला. पुढे चार-एक वर्षांनी कुणाच्या तरी घरी मुरुक्कू खाताना माझी उजवीकडची दाढ तुटली. डॉक्टरांनी पाहिलं. डाव्या बाजूच्याही झिजल्यात म्हणाले. "कडक काही चावायची सवय आहे का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. महिनाभर दोन्हीकडून काही चावायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी पिच वितळवलेलं होतं. तुकडा कपाटामागे ठेवलेला होता आणि बाहेर सगळे थांबले होते. ड्रॉइंगवर अजूनही ॲज पर मेस्त्रीच लिहिलेलं होतं. दाढ दुखतेय, आज दुसऱ्या कुणीतरी बघा, एवढंच म्हणायचं होतं. मी तुकड्यात अंगठ्याचं नख रुतवलं, क्षणभर बघितलं आणि बाहेर येऊन म्हटलं, "सरि."